सत्तर ते एकोणऐंशी

सकाळी सहाला स्पर्धा सुरू झाली आणि सहा वाजून चार मिनिटांनी केटीने कीबोर्डवरचं एफ-वन दाबलं. त्याचा स्वतःचा आवाज निघाला. खणखणीत, पूर्वीसारखा, शेवटचं अक्षर किंचित ओढणारा. पण निघाला तो खोलीतल्या स्पीकरमधून. रेडिओचा काटा जागचा हलला नाही, गच्चीवरच्या तारेपर्यंत काही पोचलं नाही, आणि ज्या जगाला हाक मारायची होती त्या जगाला पत्ताही लागला नाही.

स्वयंपाकघरात भांडं पडलं.

आई दारात आली. "कोण बोललं?"

"बाबा," धाकटी टेबलाखालून म्हणाली. ती तोवर वायरींत शिरली होती.

"ते कळलं मला. चाळीस वर्षं ऐकलाय. कुठून बोलले ते विचारतेय."

"स्पीकरमधून. चुकून. रेडिओतून जायला हवं होतं."

आईने पदराला हात पुसले. "मग चुकू दे की अजून एकदा," म्हणाली आणि आत गेली.

केटी म्हणजे धाकटीचे वडील. हॅम रेडिओच्या परवान्याबरोबर जी खूण मिळते, तिची शेवटची दोन अक्षरं के आणि टी. म्हणून हवेतले लोक त्याला केटी म्हणू लागले, आणि पुढे जमिनीवरचेही. पोटापाण्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, पण जीव या खोलीत. अकरा महिन्यांपूर्वी घशाच्या कॅन्सरमध्ये त्याची स्वरपेटी काढली. आता गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं, आणि बोलायचं ते पाटीवर खडूने. दवाखान्याने गळ्याला लावून बोलायचं एक गुरगुरणारं यंत्र दिलं होतं. ते त्याने एकदाच लावलं, स्वतःचं बोलणं ऐकलं, यंत्र खणात टाकलं आणि खणाला कुलूप घातलं. नातेवाइकांनी येऊन सल्ले दिले. आता आराम करा, हा नाद सोडा. ज्यांना जन्मात कसला नाद लागला नाही ते दुसऱ्याला नाद सोडायला सांगण्यात भारी पटाईत असतात.

पण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी केटीने एक काम करून ठेवलं होतं. कुणाशी बोललो त्याची नोंद, म्हणजे लॉग, ठेवणाऱ्या स्पर्धेच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. नेहमीची वाक्यं आधी रेकॉर्ड करून ठेवायची, बटण दाबलं की ती हवेत जातात. आणि एकेक अक्षर, एकेक आकडा सुटा रेकॉर्ड करून ठेवला तर टाइप केलेली कुठलीही खूण, कुठलाही नंबर सॉफ्टवेअर तुकडे जोडून बोलून दाखवतं. सर्दी-खोकला झाला तर घसा वाचावा म्हणून लोक हे करतात. केटीने आख्खा घसाच जाणार म्हणून केलं. सव्वीस अक्षरं आणि शून्य ते नऊ. धाकटी बटणं दाबत होती, तो बोलत होता.

आज त्याने सकाळी पाटीवर लिहून ठेवलं होतं: "चाललं तर चाललं. नाही तर चार वाजता सेक्रेटरी सेट घेऊन जाईल." सेक्रेटरी म्हणजे क्लबचा सेक्रेटरी, केटीचा जुना दोस्त. त्याला वेळ देऊन झाली होती. केटी शब्द फिरवणाऱ्यांतला नव्हता. सेट गेला की ही खोली जाणार, आणि खोली गेली की हा माणूस गॅलरीतल्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजत बसणार. धाकटीला ते दिसत होतं.

ती लिफ्ट दुरुस्त करायची. बारा वर्षं लिफ्टच्या उभ्या, अंधाऱ्या बोळांत लोंबकळून तिला एक गोष्ट कळली होती. यंत्र आपणहून बिघडत नाही, कुणीतरी त्याला हलवलेलं असतं.

"आई, काल या खोलीत झाडलंस?"

"झाडलं. उकिरडा झाला होता."

"ही वायर काढलीस?"

"काढली आणि लावली. जशीच्या तशी."

जशीच्या तशी नव्हती. शेजारच्या भोकात लावली होती. माणसाला दोन्ही भोकं सारखी, पण कॉम्प्युटरला वाटलं नवीन पाहुणा आला. त्याने जुना पोर्ट तीन बंद करून नवा पाच उघडला, आणि सॉफ्टवेअर बिचारं तीनवरच दार ठोठावत बसलं. माणूस पाचव्या मजल्यावर उभा आणि लिफ्ट तिसऱ्यावर दार उघडून वाट बघतेय, असला प्रकार. शिवाय रेडिओकडे जाणारं साउंड कार्ड दिसेना तेव्हा कॉम्प्युटरने परस्पर ठरवलं की आवाज खोलीतल्या स्पीकरला द्यावा. ही शहाणी यंत्रं परस्पर ठरवतात आणि वर सगळं ठीक असल्याचा हिरवा ठिपका दाखवतात.

धाकटीने तीनचा पाच केला. काही नाही. सॉफ्टवेअर बंद करून उघडलं. आवाजाच्या यादीत चार नावं, चारही सारखीच. पहिलं निवडलं, खोलीत शिट्टी. दुसरं, शांतता. तिसऱ्याला रेडिओ बोलायला लागला तो थांबेचना, काटा वर चढून तिथेच बसला. केटीने हात लांब करून सेटच बंद केला आणि टेबलावर बोटाची पेरं आपटली. एकदा आपटली म्हणजे हळू. दोनदा म्हणजे पुन्हा. तीनदा म्हणजे अक्कल गहाण टाकलीस का. तीनदा आपटली.

"बघतेय ना, बाबा. तुम्ही आधी त्या खुर्चीवरून पाय हलवायचे थांबवा."

पाय थांबले नाहीत. सहा पन्नासला सेट पुन्हा लावून चौथं नाव निवडल्यावर काटा उठला, आवाजाबरोबर नाचला, आवाज थांबताच खाली आला. आणि हवेतून कुणीतरी उत्तर दिलं.

केटीचे हात कीबोर्डवर पडले. खूण टाइप, एंटर. त्याचा आवाज हवेत गेला: फाइव्ह नाइन, झीरो झीरो वन.

स्पर्धा म्हणजे एवढंच. संध्याकाळी सहापर्यंत जितक्यांशी बोलता येईल तितक्यांशी बोलायचं. प्रत्येकाला आधी फाइव्ह नाइन, म्हणजे तुझा आवाज नीट येतोय, आणि मग आपला नंबर द्यायचा, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. त्याने आपला द्यायचा. दोघांनी लिहून घ्यायचं. नंतर आयोजक दोघांचे लॉग ताडून बघतात, एक आकडा चुकला तरी तो संपर्क बाद.

दोन. तीन. चार. धाकटी दुसरा हेडफोन लावून शेजारी बसली होती आणि पडद्यावरचा प्रत्येक नंबर बोटांवर मोजत होती. कारण तिला माहीत होतं ते केटीला माहीत नव्हतं. शून्य ते नऊमधला सात नव्हता.

त्या संध्याकाळी केटीने सहा म्हटला आणि तिचा फोन वाजला होता. ऑफिसातून. एका इमारतीत दोन माणसं लिफ्टमध्ये अडकली होती. ती एका हाताने फोन धरून कुठली चावी कुठे फिरवायची ते सांगत होती, आणि दुसऱ्या हाताने सेव्ह दाबायचं राहिलं. केटी सात बोलला, आठ बोलला, नऊ बोलला. तिने बघितलं तेव्हा सातच्या जागी रिकामं होतं आणि केटी खोकून खोकून पालथा झाला होता. तिने ठरवलं, सकाळी घेऊ. सकाळी सहाला स्ट्रेचर आलं. चूक सगळ्यांकडून होते असं लोक म्हणतात, पण तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे स्वतःची चूक असते, दुसऱ्याची नसते.

अकरा महिने ती सात शोधत होती. जुन्या कॅसेट, लग्नाच्या सीड्या, दुकानाच्या फोनवरचे निरोप. माणूस आयुष्यभर बोलतो आणि त्याचा एक आकडा हवा असेल तेव्हा सापडत नाही. परगावच्या थोरल्या भावाने सांगितलं, "हल्ली कॉम्प्युटर आवाज बनवून देतो, पाठव मला." त्याने बनवून पाठवलेला सात बातम्या सांगणाऱ्यासारखा होता. शेवटी काल संध्याकाळी ती बाथरूममध्ये गेली, बादली उपडी करून तिच्यावर बसली, घसा खाली दाबला आणि स्वतःच सात म्हटला. बत्तीस वेळा. त्यातला त्यात बरा ठेवला.

सकाळी तिने रेडिओचं एक बटणही बंद करून ठेवलं होतं, ज्याने आपला जाणारा आवाज आपल्याला हेडफोनमध्ये ऐकू येतो. केटीने विचारलं तर सांगणार होती, घुमतो म्हणून बंद केलाय. त्याने विचारलंच.

"घुमतोय, बाबा."

एवढं मोठं खोटं ती चौदाव्या वर्षानंतर प्रथमच बोलली.

सहा गेला. सातवा आला. केटीने एंटर दाबलं. काटा नाचला. पलीकडून एक बारीक आवाज, "नंबर पुन्हा?" केटीने पुन्हा दाबलं. पलीकडचा म्हणाला, "झालं, धन्यवाद," आणि गेला. केटीने मान हलवली, खूश होता. धाकटी उठून पाणी प्यायला गेली आणि न पिताच परत आली.

सतरा. सत्तावीस. तिला बसवेना. ती उठे, पंखा वाढवी, बसे, पंखा कमी करी. मध्येच कुणाच्या खुणेतच सात निघे आणि ती हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरी. फोन वाजला, ऑफिस. तिने तो बंद करून चपलांच्या कपाटात टाकला. आईने दोनदा जेवायला बोलावलं. केटी उठला नाही, ताट टेबलावर आलं, तो एका हाताने खात आणि एका हाताने टाइप करत राहिला. अकरा महिन्यांत त्याने ताट पहिल्यांदा पूर्ण संपवलं.

"सांगितलंस का त्यांना?" आईने स्वयंपाकघरात हळूच विचारलं. तिला सगळं माहीत होतं. बाथरूमची भिंत पातळ होती.

"काय सांगू?"

"जे बादलीला सांगितलंस ते."

"संध्याकाळी सांगते. हसतायत बघ ते."

"हसू दे. पण तुझं तोंड बघून दूध नासेल."

साडेतीनला सदुसष्टावा संपर्क आला आणि तो धरणवाला निघाला. धरणावर कामाला असलेला म्हातारा, केटीशी तीस वर्षं हवेतून बोललेला, एकदाही न भेटलेला. स्पर्धेत कुणी गप्पा मारत नाही, वेळ जातो. पण धरणवाल्याने नंबर घेतला आणि थांबला.

"केटी," तो म्हणाला, "मेलास असं ऐकलं होतं. बरं झालं नाही मेलास. आवाज तोच आहे तुझा. पण हा सात कोण म्हणतंय? घरात कुणी बाई बसवलीस का आकडे सांगायला?" आणि खदखदून हसून गेला.

केटीने धाकटीकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघितलं. माऊस फिरवून त्याने आवाजांचं फोल्डर उघडलं. एका ओळीत सगळ्या फाइली, सगळ्यांवर अकरा महिन्यांपूर्वीची तारीख. एकीवर कालची. तिच्यावर त्याने दोनदा टिचकी मारली, आणि खोलीतल्या स्पीकरमधून धाकटीचा दाबलेला, जाड केलेला, नाटकातल्या राक्षसासारखा सात बाहेर पडला.

आतून आईचा उसासा ऐकू आला.

"त्या संध्याकाळी राहिला," धाकटी म्हणाली. "तुम्ही बोललात, मी सेव्ह केला नाही. फोन आला होता. दोघं अडकले होते लिफ्टमध्ये. म्हटलं सकाळी घेऊ." तिने हेडफोन कानांवरून गळ्यात ओढला. "मी सांगणार होते."

केटीने हेडफोन नीट केला आणि पुढची हाक दिली. अडुसष्ट घेतला. एकोणसत्तर घेतला. मग टेबलावरून हात काढले, खुर्ची मागे सरकवली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला, पाठ करून. रेडिओतून दोघे-तिघे केटी, केटी करत होते. पडद्यावर पुढचा नंबर येऊन बसला होता, सत्तर. तिथून पुढचे दहाच्या दहा तिच्या बादलीवरच्या आवाजाचे होते.

चारला सेक्रेटरी आला. एक भलं मोठं पुठ्ठ्याचं खोकं, आत फुगेवालं प्लास्टिक. "चालू आहे की बंद आहे?" त्याने दारातच विचारलं. गॅलरीतली पाठ बघितली, धाकटीचं तोंड बघितलं आणि खोकं खाली ठेवलं.

धाकटीने सगळं सांगितलं. लपवायला आता काही उरलं नव्हतं.

सेक्रेटरीने चष्मा पुसला. "बाई गं, हे नियमात बसत नाही. तो एकट्याच्या गटात खेळतोय. त्यात दुसऱ्याचा आवाज? फाइल असली म्हणून काय झालं. ते संपर्क बाद करा, नाहीतर आख्खा लॉग नुसता तपासणीसाठी द्या, गुणांशिवाय."

"काका, त्या माणसाला स्वरपेटी नाही."

"नियमाला ते कळत नाही."

"नियमाला नाही कळत, तुम्हाला कळतंय ना? की खोकं घेऊन आलात म्हणून नाही कळत?"

सेक्रेटरीचे कान लाल झाले. "मला सेटची हाव नाही. त्यानेच बोलावलं."

"भावजी, बसा," आई मध्ये येऊन म्हणाली. "ही सकाळपासून स्वतःवर चिडलीय, तुम्ही नुसते वाटेत आलात."

तेवढ्यात केटी आत आला. कुणाकडे न बघता खुर्चीत बसला, पाटी ओढली, लिहिलं आणि धाकटीसमोर धरली.

"लिफ्टमधली माणसं निघाली होती का?"

"निघाली. वीस मिनिटांत."

त्याने मान हलवली. अंगठ्याने पुसलं. लिहिलं: "चोरून माझ्या आवाजात नाही." पुसलं. "तोंडाने बोल. तुझ्या." पुसलं. पाटी लहान आणि हात घाईत, खडू दोनदा मोडला. "७० ते ७९ तू. ८० मी. पुढे जिथे ७ येईल तिथे तू."

"बाबा, मला परवाना नाही."

पाटी: "मी शेजारी आहे. मला आहे." हे खरं होतं. परवानाधारक शेजारी बसून लक्ष ठेवत असेल तर दुसऱ्याला बोलता येतं.

"मग तर एकट्याचा गट संपलाच," सेक्रेटरी म्हणाला. खोक्याचा विषय त्याने सोडला होता, आता तो खरंच कळवळला होता. "केटी, अकरा वर्षं तू एकट्याच्या गटात पहिल्या पाचात आहेस. अनेकांच्या गटात मोठमोठे क्लब असतात, आठ-आठ माणसं, चार-चार सेट. त्यांच्यात तू नि ही म्हणजे कुठे नावसुद्धा दिसणार नाही. सात-आठ संपर्क बाद करून टाक, मी कुणाला बोलत नाही."

केटीने स्पर्धेच्या माहितीची खिडकी उघडली. गट या शब्दापुढे 'एक ऑपरेटर' लिहिलेलं होतं. त्याने बाण दाबला, यादी खाली आली, 'अनेक ऑपरेटर' निवडलं. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की? काही सॉफ्टवेअर माणसांपेक्षा सभ्य असतात, विचारतात तरी. केटीचं बोट एंटरवर थांबलं. धाकटीला ते बोट दिसत होतं, नखाजवळ सोल्डरचा जुना डाग. मग त्याने दाबलं. आणि फोल्डरमध्ये जाऊन कालच्या तारखेची फाइल पुसून टाकली.

आता सात कुणाकडेच नव्हता.

माईक कोपऱ्यातल्या खिळ्याला लटकत होता. अकरा महिन्यांची धूळ. केटीने शर्टाच्या बाहीने पुसून तिच्यापुढे ठेवला आणि हाकेचं बटण दाबलं. त्याचा आवाज गेला. लगेच कुणीतरी उत्तर दिलं. केटीने खूण टाइप केली, पडद्यावर सत्तर चमकला, आणि त्याने एकदा पेर आपटलं. हळू.

"फाइव्ह नाइन," धाकटी पुटपुटली. लिफ्टच्या बोळात सहा मजले खाली ऐकू जाईल असं ओरडणारी बाई, आणि माईकपुढे शेळी. "झीरो सेव्हन झीरो."

पलीकडे गोंधळ. केटीचा पुरुषी आवाज हाक मारतो आणि बाई नंबर देते. "कोण? पुन्हा सांगा?"

दोन पेरं. पुन्हा.

"फाइव्ह नाइन. झीरो. सेव्हन. झीरो." या वेळी तिने तो बोळात ओरडायचा आवाज काढला. सेक्रेटरीने दचकून कान झाकले. पलीकडचा म्हणाला, "आलं, आलं. भिंतीपलीकडूनही आलं असतं."

केटीचे खांदे हलले. तो हसला की गळ्याच्या भोकातून नुसती हवा शिटी घालते, आणि फडकं फडफडतं.

एकाहत्तरला तिने घाईत आपलाच नंबर दोनदा दिला. बहात्तरला समोरच्याचा नंबर ऐकायचा विसरली. त्र्याहत्तरला बरं गेलं. तीन पेरं एकंदर चार वेळा आपटली, सेक्रेटरीने मोजली. शहात्तरला एकाने खूण इतक्या झरझर सांगितली की तिला काही कळेना, केटीने मात्र डोळे मिटून टाइप केली. सत्त्याहत्तरला दोन सात एकापाठोपाठ आले आणि तिने दोन्ही असे ठोकून दिले की पलीकडून विचारायची कुणाची टाप झाली नाही. बसायची ती आता विसरली होती, उभ्यानेच बोलत होती, एक पाय खुर्चीवर.

आईने सेक्रेटरीपुढे चहाचा कप ठेवला आणि खोकं पायाने बाजूला सरकवलं. "हे राहू दे इथेच, भावजी. जुन्या चपला ठेवायला होईल."

"त्यात त्याचा सेट..." सेक्रेटरी म्हणाला आणि थांबला. कप उचलला.

एकोणऐंशी झाला. केटीने माईक तिच्या हातातून घेतला, खाली ठेवला, बोटं कीबोर्डवर आणली. ऐंशी. फाइव्ह नाइन, झीरो एट झीरो. त्याचा आवाज हवेत गेला, शेवटचं अक्षर ओढत. घुमतो म्हणून बंद केलेलं ते बटण त्याने केव्हा सुरू केलं तिला कळलं नव्हतं. आता तिलाही तो हेडफोनमध्ये ऐकू येत होता. ब्याऐंशी, त्र्याऐंशी. घड्याळात पाच चाळीस. पाय पुन्हा हलायला लागले, त्याचे आणि तिचेही, टेबल थरथरत होतं, आणि सेक्रेटरी कप सावरत म्हणाला, "अरे, जरा थांबा दोघं." कुणी थांबलं नाही.

शहाऐंशी झाला. केटीने हाक दिली आणि डोळे पडद्यावर ठेवूनच, न बघता, माईक तिच्या बाजूला सरकवला.